मेहनतीची फी

दरवर्षी दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली की आमच्या नववी-दहावीच्या वर्गातले दोन-चार बाक रिकामे दिसतात. आम्ही अकोल्यात उर्दू माध्यमाच्या एका शाळेत शिकवतो. ही मुले कुठे गेली हे कुणाला विचारावे लागत नाही. एखादा गॅरेजवर असतो, एखादा दालमिलमध्ये पोती शिवतो, एखाद्याला त्याचे अब्बा कापसाच्या हंगामात जिनिंगवर घेऊन गेलेले असतात. या घरांना इल्मची कदर नाही असे कुणी म्हणत असेल, तर त्याने ही घरे पाहिलेली नाहीत. घरात कमावणारे हात कमी आणि खाणारी तोंडे जास्त, एवढाच तो हिशेब असतो.

अशाच एका मुलाला आम्ही एकदा पंक्चरच्या दुकानावर गाठले. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. आम्हाला पाहून उभा राहिला, हात मागे लपवले आणि म्हणाला, "सर, स्कूल आता हूँ तो दुकान छूटता है, दुकान जाता हूँ तो स्कूल. दोनों में से एकच होता ना?"

त्याच्या प्रश्नापेक्षा त्याने हात मागे घेतले, तेच आमच्या मनात जास्त राहिले. कारण हे आम्हीही केलेले आहे. अमरावतीला बी.एड. करताना आम्ही सकाळी इतवाऱ्याजवळ एका बाइंडिंगच्या दुकानात वह्या-पुस्तके शिवत होतो. बाइंडिंगची खळ नखांत सुकून बसायची. एकदा पाठ देताना फळ्यावर लिहिणाऱ्या आमच्या हाताकडे पाहून एका प्राध्यापकांनी सर्वांसमोर म्हटले, "शिक्षकाचे हात स्वच्छ असावेत." आम्ही तक्ते चिकटवत होतो अशी थाप मारली. आणि त्याच वर्षी परीक्षेसाठी आम्ही एक उत्तर तोंडपाठ केले होते : महात्मा गांधींची मूलोद्योगी शिक्षणाची वर्धा योजना, तिची पाच वैशिष्ट्ये. हाताच्या कामातून शिक्षण, हे त्यातले पहिले वैशिष्ट्य. ते आम्ही सुवाच्य अक्षरात लिहिले आणि बऱ्यापैकी गुण मिळवले. लिहिणारा हात मात्र आम्ही लपवत होतो.

त्या मुलाच्या "एकच होता ना?" या प्रश्नाला इतिहासात काही उत्तरे दिली गेलेली आहेत. मेहनत करणाऱ्या मुलाला दार बंद करण्याऐवजी त्याची मेहनतच फी म्हणून धरणाऱ्या संस्था जगात होऊन गेल्या, काही आजही चालू आहेत. त्यांतली एक ख्रिस्ती संस्था दूरच्या अमेरिकेत आहे, आणि दुसरी आपल्याच महाराष्ट्रात, साताऱ्यात. त्यांची हकीकत आपल्या वाचकांसमोर ठेवावी आणि आपल्या वऱ्हाडात हे का घडले नाही याचाही थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेच्या केंटकी राज्यात बेरिया नावाचे एक लहान गाव आहे. १८५५ साली तिथे जॉन फी या पाद्र्याने एका खोलीची शाळा काढली. तीच खोली रविवारी चर्च व्हायची. केंटकी हे त्या काळी गुलामगिरीचे राज्य होते आणि फी हा गुलामगिरीचा कट्टर विरोधक. ईश्वराने सर्व माणसे एकाच रक्तापासून घडवली हे बायबलमधले वचन त्याने संस्थेचे ब्रीद केले. सर्व माणसे एकाच जिवापासून निर्माण झाली ही कुरआनची शिकवण ज्यांच्या कानांवर लहानपणापासून आहे, त्या आपल्या वाचकांना हे ब्रीद परके वाटणार नाही. पण केंटकीतल्या जमीनदारांना ते सोसले नाही. १८५९ मध्ये हत्यारबंद जमावाने फी आणि त्याच्या सोबत्यांना राज्याबाहेर हाकलून दिले. अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, गुलामगिरी गेली, तेव्हा ही माणसे परत आली. १८६६-६७ या वर्षी तिथे १८७ विद्यार्थी होते, त्यांतले ९६ काळे आणि ९१ गोरे. काळ्या-गोऱ्यांनी एका बाकावर बसण्याची अमेरिकेच्या दक्षिण भागात ती फार मोठी गोष्ट होती.

ही मुले गरीब होती. काल गुलाम असलेल्यांची मुले आणि डोंगराळ भागातल्या गोऱ्या शेतकऱ्यांची मुले, दोघांकडेही फी भरायला पैसा नव्हता. मग ती कामे करू लागली. कुणी शेतात राबले, कुणी लाकूड कापले, कुणी स्वयंपाकघरात भांडी घासली. १८९२ पासून बेरियाने शिकवणीची फी घेणेच बंद केले. पुढे डोंगरातल्या बायकांच्या हातमागाच्या कलेला कॉलेजने आसरा दिला, विद्यार्थी कापड विणू लागले, लाकडी सामान करू लागले, झाडू बांधू लागले. १९०९ मध्ये पाहुण्यांसाठी एक हॉटेल सुरू झाले, त्यातही विद्यार्थीच राबतात. आज त्या कॉलेजातला प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान दहा तास काम करतो आणि शिकवणीची फी कुणालाच भरावी लागत नाही.

येथे "प्रत्येक" हा शब्द महत्त्वाचा आहे. बेरियात काम ही गरजू मुलांसाठी काढलेली वेगळी सोय नाही. जो प्रवेश घेतो त्याला ते करावेच लागते. त्यामुळे झाडू बांधणाऱ्याला हात लपवावा लागत नाही, कारण शेजारी बसलेल्याच्या हातालाही तसेच घट्टे पडलेले असतात.

या कॉलेजला परीक्षाही मोठी द्यावी लागली. १९०४ मध्ये केंटकीच्या सरकारने काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकत्र शिकवण्यास बंदी करणारा कायदा केला. तशी एकत्र शिकवणारी ती एकच कॉलेज-संस्था राज्यात असल्याने कायदा कुणासाठी होता हे उघड होते. बेरिया न्यायालयात गेले आणि १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. काळ्या मुलांसाठी वेगळी संस्था उभारायला कॉलेजने पैसा दिला, पण स्वतःच्या वर्गात तो गोऱ्यांनाच ठेवू शकला. १९५० मध्ये कायदा सैल झाला तेव्हा काळ्या मुलांसाठी पुन्हा दार उघडणाऱ्यांत बेरिया पहिले होते. बंदी येण्याच्या आदल्या वर्षी, १९०३ मध्ये, तिथून कार्टर वुडसन नावाचा एक काळा विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला होता. तरुणपणी तो कोळशाच्या खाणीत राबलेला होता. पुढे तो अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या इतिहासाचा जनक मानला गेला.

आता एक प्रश्न शिल्लक राहतो. दहा तासांच्या कामातून कॉलेजचा खर्च निघतो का? निघत नाही. प्राध्यापकांचे पगार, इमारती, प्रयोगशाळा यांचा खर्च झाडू विकून भागत नाही. तो एका कायम निधीतून भागतो. १९२० साली बेरियाच्या विश्वस्तांनी ठरवले की मृत्युपत्राने मिळणाऱ्या, विशिष्ट कामासाठी नेमून न दिलेल्या देणग्या खर्चायच्या नाहीत, त्या मूळ निधीत टाकायच्या आणि फक्त त्याचे उत्पन्न वापरायचे. शंभर वर्षांत तो निधी प्रचंड वाढला.

हे वाचताना आम्ही चमकलो. मूळ मालमत्ता तशीच राखायची, विकायची नाही, संपवायची नाही आणि तिच्या उत्पन्नातून लोकांचे भले करायचे, याला आपल्याकडे वक्फ म्हणतात. अकराव्या शतकात बगदादचा निजामिया मदरसा वक्फच्याच उत्पन्नावर उभा होता आणि विद्यार्थ्यांचा खर्च त्यातून भागत होता. केंटकीतल्या पाद्र्यांनी आपला ग्रंथ वाचून हे केले असे आमचे म्हणणे नाही. त्यांना गरजेने जे सुचले ते आपल्या घरात हजार वर्षे होते, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे.

ख्रिस्ती मिशनऱ्यांचा काम आणि शिक्षणाचा हा मेळ महाराष्ट्रातही आला, वऱ्हाडातही आला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी वऱ्हाड होरपळला तेव्हा अकोला-खामगाव भागात अमेरिकन मिशनऱ्यांनी अनाथ मुलांना आसरा दिला. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनने सुतारकाम, धातुकाम शिकवणारी उद्योगशाळा चालवली. तिथल्या चर्चिल नावाच्या मिशनऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुधारित हातमाग तयार केला, त्याची त्या काळी बरीच चर्चा झाली. या कामाचे मोल नाकारता येणार नाही. दुष्काळात मेलेल्या माणसाच्या मुलाला कुणी दोन घास आणि एक हुन्नर दिला, त्याचा धर्म आम्ही का विचारावा?

पण बेरियाहून येथे एक फरक पडला. उद्योगशाळा ही बहुतेक अनाथांसाठी आणि दलित घरांतून आलेल्या मुलांसाठी होती. पैसेवाल्यांची मुले इंग्रजी हायस्कुलात शिकत आणि गरिबांची मुले रंधा चालवत. एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने घडवायचे ही आपल्या जातिव्यवस्थेची जुनी वाटणी त्यामुळे मोडली नाही.

ही वाटणी मोडण्याचा एक प्रयत्न पुण्याच्या स्पायसर कॉलेजात दिसतो. ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाची ही संस्था १९१५ मध्ये दक्षिण भारतात सुरू झाली आणि १९४२ मध्ये पुण्याला आली. २०१४ मध्ये तिचे विद्यापीठ झाले. शिक्षणाने डोके, हृदय आणि हात तिन्ही घडले पाहिजेत अशी त्या पंथाची धारणा. त्यामुळे विद्यार्थ्याने शिकता शिकता काम करावे आणि त्या कमाईतून आपल्या शिक्षणाच्या खर्चाला हातभार लावावा ही रीत तिथे राहिली. तिथल्या बेकरीचा पाव पुणेकरांनी आवडीने खाल्ला. अर्थात कामाने तिथली सगळी फी फिटत नसे. पूर्ण फी मेहनतीने फेडण्याचा मोठा प्रयोग आपल्या महाराष्ट्रात झाला तो साताऱ्याला, आणि तो कुठल्या मिशनने नव्हे, कुंभोजच्या एका जैन शेतकरी घराण्यातल्या माणसाने केला.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ चा. विद्यार्थिदशेत ते कोल्हापूरला राहिले. तिथे राजर्षी शाहू महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली होती, १९०६ मध्ये मुसलमान मुलांसाठीही काढले होते. भाऊरावांनी शाहू महाराजांचे हे काम पाहिले आणि त्याच्या एक पाऊल पुढे गेले. वेगवेगळ्या जातींसाठी वेगवेगळी वसतिगृहे कशाला, सगळी मुले एका छपराखाली का नकोत, असा त्यांचा सवाल होता. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. त्यांच्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एकत्र राहिली. स्वयंपाक मुलांनीच करायचा, भांडी मुलांनीच घासायची, शेत मुलांनीच कसायचे. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी आपले दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडले. १९२७ मध्ये गांधीजी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले. "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद" हे शब्द आजही संस्थेच्या बोधचिन्हाखाली आहेत.

१९४७ मध्ये, देश स्वतंत्र होत असताना, भाऊरावांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. ज्याच्याकडे पैसा नाही त्याने घाम द्यावा, हा तिथला नियम. मुलांनी खडी फोडली, माती वाहिली, विहिरी खणल्या, शेतात राबले आणि त्याच हातांनी पदवीचे पेपर लिहिले. "कमवा आणि शिका" हे दोन शब्द तेव्हापासून मराठीत रूढ झाले. आज महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांत या नावाची योजना आहे.

या हकीकतीचे वऱ्हाडशी एक नाते आहे. १९५४ मध्ये भाऊरावांनी कराडला दुसरे कॉलेज काढले, त्याला त्यांनी संत गाडगे महाराजांचे नाव दिले. गाडगेबाबा आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. हातात झाडू घेऊन गावे झाडणारा आणि भाकरी खाण्याआधी कष्ट करणारा हा परीट समाजातला माणूस. त्यांनी १९५६ मध्ये वलगावजवळ देह ठेवला, आणि त्यांचे नाव आता आमच्या अमरावती विद्यापीठालाही आहे. आणि १९५५ मध्ये रयतने साताऱ्याला शिक्षकांसाठी बी.एड. कॉलेज काढले, त्याला नाव दिले मौलाना आझाद यांचे. बी.एड. करताना आम्हाला हे कुणी सांगितले असते, तर कदाचित आम्ही ती थाप मारली नसती.

आता राहिली वर्धा योजना. वर्धा अमरावतीहून किती दूर आहे? रेल्वेने दोन-अडीच तासांचा रस्ता. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. अभ्यासक्रम तयार करायला जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष होते दिल्लीच्या जामिया मिल्लियाचे प्रमुख डॉ. झाकिर हुसेन. त्यांनी बर्लिनहून डॉक्टरेट मिळवली होती. १९२८ मध्ये त्यांच्यासह जामियाच्या शिक्षकांनी वीस वर्षे, दीडशे रुपयांहून जास्त पगार न घेता, संस्थेची खिदमत करण्याची शपथ घेतली होती. म्हणजे जामियात फीच्या बदल्यात मेहनत शिक्षकांनीच दिली, असे म्हणता येईल.

मुलांनी कातलेल्या सुतातून, केलेल्या कामातून शाळेचा खर्च निघावा असे गांधीजींना वाटे. झाकिरसाहेबांच्या समितीने हस्तोद्योगाला शिक्षणाचे केंद्र मानले, पण सावधगिरीचा इशाराही दिला : कमाईवर जास्त भर दिला तर शिक्षणाचा हेतू मागे पडेल आणि शिक्षक मुलांकडून काम उपसून घेऊ लागतील. गांधीजींबद्दल एवढा आदर असताना त्यांच्याच योजनेच्या अहवालात हे लिहायला हिंमत लागते. बेरियाच्या विश्वस्तांना जे उमगले होते तेच येथे वेगळ्या शब्दांत आहे. मुलाच्या मेहनतीची इज्जत करावी, पण संस्थेचा सगळा भार त्याच्या पाठीवर टाकू नये.

मग आपल्या भागात या योजनेचे काय झाले? मध्य प्रांत आणि वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांनी तिच्याच धर्तीवर विद्या मंदिर योजना आणली. मुसलमानांनी तिला जोराचा विरोध केला. शाळेला "मंदिर" का म्हणायचे, उर्दूचे काय, दिनी तालीमचे काय, असे प्रश्न विचारले गेले. १९३८ च्या पीरपूर अहवालात या तक्रारी नोंदवल्या गेल्या. त्या भीतीत तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. नाव ठरवताना शेजाऱ्याचे मन जाणून घ्यायला हवे होते. पण नावाच्या भांडणात आपण आतला मालही परत पाठवला. ज्या योजनेचा अभ्यासक्रम एका मुसलमान विद्वानाने बसवला, आणि जी विणकर, पिंजारी, रंगारी, लोहार यांच्या मुलांच्या सर्वांत कामाची होती, तिच्याकडे त्याच मुलांच्या समाजाने पाठ फिरवली. उच्चवर्णीय पालकांनाही आपल्या मुलाने चरखा कातावा हे फारसे आवडले नव्हते, हेही खरे. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग हळूहळू वेळापत्रकातला एक तास झाला आणि शेवटी आमच्यासारख्यांच्या परीक्षेतला एक प्रश्न.

विशेष म्हणजे मेहनतीला कमी लेखणे हे आपल्या दीनातले नाही. हजरत दाऊद स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत, आणि त्याहून उत्तम रोटी कुणी खाल्लेली नाही, हे हदीसमध्ये आले आहे. आपल्या बुजुर्गांची नावे पाहा. कुणी हलवाई, कुणी खय्याम म्हणजे तंबू शिवणारा, कुणी गजाली म्हणजे सूत कातणाऱ्याच्या घराण्यातला, असा अर्थ अनेक जण लावतात. त्या काळी धंदा नावात मिरवला जाई. आमच्या वर्गात मात्र "अब्बा क्या काम करते?" असे विचारले की निम्मी मुले खाली पाहतात.

येथे एक खुलासा केला पाहिजे. चौदा वर्षांखालच्या मुलाला गॅरेजवर बसवणे हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहावा. "कमवा आणि शिका" म्हणजे बालमजुरीला चांगले नाव देणे नव्हे. बेरिया आणि साताऱ्याचे कॉलेज मोठ्या मुलांसाठी होते, कामाचे तास ठरलेले होते आणि त्या कामाचा मालक विद्यार्थ्याचा शिक्षक होता, गल्ल्यावर बसलेला शेठ नव्हे. आम्ही बोलतो आहोत ते अकरावी, बारावी, आय.टी.आय., पदवी आणि बी.एड. करणाऱ्या मुला-मुलींबद्दल, ज्यांना वीस-पंचवीस हजारांची फी आणि घरचा चुलीचा खर्च यांतले एक निवडावे लागते.

वऱ्हाडात आपल्या संस्था आहेत, त्यांनी कष्टाने शाळा-कॉलेजे उभी केली आहेत, त्यांचे ऋण आमच्यावरही आहे. येथे वक्फच्या जमिनी आहेत, त्यांतल्या काहींवर दुकानांचे गाळे आहेत. येथे हुन्नर तर घरोघर आहे. वेल्डिंग, शिलाई, जरीकाम, बाइंडिंग, मोटार दुरुस्ती. ही तीन माणसे एका ओसरीवर बसलेली नाहीत, एवढेच कमी आहे. एखाद्या कॉलेजाने आपल्या आवारात छापखाना, शिलाईचा कारखाना किंवा दुरुस्तीची कार्यशाळा काढावी, वक्फच्या उत्पन्नाचा एक भाग तिच्या मागे उभा राहावा, आणि आठवड्याला दहा तास काम करणाऱ्या मुला-मुलीची फी माफ नव्हे, फेडलेली समजावी. माफी मागावी लागते, फेड अभिमानाने करता येते. आणि हे काम गरिबाच्याच मुलाला लावू नये. संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलानेही आठवड्याला दहा तास तिथे हात काळे करावेत. ती अट नसेल तर ही योजनाही उद्या फक्त गरजूंची होईल आणि मुले पुन्हा हात लपवू लागतील.

अलीकडे आम्ही नववीच्या वर्गात वर्षाच्या पहिल्या दिवशी स्वतःपासून सुरुवात करतो. आम्ही बाइंडिंगच्या दुकानात काम केले, पुस्तक शिवताना सुई कशी धरायची, खळ किती घट्ट हवी, हे मुलांना दाखवतो, आणि मग त्यांना विचारतो की तुमच्या घरात कोण काय करते. पहिल्यांदा शांतता असते. मग एक हात वर होतो, मग दुसरा. पंक्चरवाल्या त्या मुलाचा बाक मात्र रिकामाच राहिला. "एकच होता ना?" या त्याच्या प्रश्नाला साताऱ्याने १९४७ मध्येच उत्तर दिले होते. अकोल्याचे उत्तर अजून यायचे आहे, आणि ते देण्याची जबाबदारी हे पान वाचणाऱ्या आपल्या सर्वांवर आहे.